डेडव्लेची पांढरी माती, आणि तिची तालीम आपल्या गंगापूरच्या गाळात

गोदाकाठची

गेल्या जूनमध्ये नामिबियाला जाऊन आले. परवा नाशिकला, सोमेश्वरला सकाळी फिरताना भेटलेल्या दोघांनी एकच विचारलं, "ते निळ्या जमिनीवरच्या काळ्या झाडांचे फोटो खरे आहेत की नंतर रंगवलेत?" उभ्या उभ्या उत्तर देणं जमलं नाही, म्हणून हा धागा.

फोटो खरे आहेत. जागा डेडव्ले, नामिब-नौक्लुफ्त राष्ट्रीय उद्यानात, सोसुसव्लेच्या शेजारी. पांढऱ्या चिकणमातीचं एक पसरट ताट, भोवती तांबड्या-नारिंगी वाळूच्या प्रचंड टेकड्या आणि ताटात वठलेली काळी झाडं. 'व्ले' हा आफ्रिकान्स भाषेतला शब्द, पाणी साचणाऱ्या सखल जागेसाठीचा. कधीकाळी त्साउचाब नदीच्या पुराचं पाणी इथवर येऊन थबकायचं, गाळ बसायचा, त्या ओलीवर झाडं वाढली. पुढे हवामान कोरडं होत गेलं आणि सरकत्या वाळूने नदीची वाटच अडवली. झाडं मरून ६००-७०० वर्षं झाली असं मानतात. ती दगड झालेली नाहीत, लाकूडच आहे. कुजायलाही ओल लागते आणि तिथे तेवढीसुद्धा नाही, म्हणून ती उभी आहेत, उन्हाने करपून काळी पडलेली. झाड कॅमल थॉर्न, म्हणजे आपल्या बाभळीची सख्खी बहीण. हे कळल्यावर मला ती झाडं एकदम ओळखीची वाटायला लागली. फांद्यांची ती वेडीवाकडी ठेवण आपण सिन्नरच्या रस्त्याला रोज बघतो.

आता रंग. पहिल्या दिवशी मी तिथे सकाळी दहाच्या सुमारास पोचले. सगळीकडे लख्ख ऊन. जमीन डोळे दिपवणारी पांढरी, टेकडी फिकट विटकरी, झाडांच्या सावल्या जमिनीवर पसरून सगळा गुंता झालेला. शंभरेक फोटो काढले आणि एकही मनाला लागला नाही. संध्याकाळी मुक्कामावर ते बघताना लक्षात आलं की मी उन्हाचा फोटो काढायला गेले होते, आणि ती जागा सावलीची आहे.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या सुमारासच तिथे जायचं ठरवलं. त्या वेळी पश्चिमेकडच्या टेकडीच्या माथ्याला ऊन लागतं आणि खालचं ताट पूर्वेकडच्या टेकड्यांच्या सावलीत असतं. सावलीतल्या पांढऱ्या मातीवर उजेड पडतो तो फक्त निळ्या आभाळाचा, म्हणून ती निळसर दिसते. मागे नारिंगी, खाली निळं, मधे काळी झाडं, आणि जमिनीवर एकही पडछाया नाही. झाडं कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसतात ती त्यामुळे. उन्हाची रेघ टेकडीवरून हळूहळू खाली उतरत येते. ती झाडांच्या बुंध्यापर्यंत पोचली की खेळ संपला. माझ्या हातात त्या दिवशी जेमतेम अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात बावीस फोटो काढले, त्यातले चार ठेवलेत.

आणखी एक गोष्ट तिथे उभं राहिल्यावरच कळली. उन्हातली टेकडी आणि सावलीतली जमीन एका फोटोत बसवायची म्हणजे एक तरी जळणार किंवा काळं पडणार अशी मला भीती होती. पण टेकडी मुळात गडद आहे आणि माती मुळात पांढरी. ऊन गडद वस्तूवर, सावली पांढऱ्या वस्तूवर. दोघांतला फरक आपोआप कमी होतो आणि एकाच एक्स्पोजरमध्ये (कॅमेऱ्यात उजेड घेण्याच्या एकाच मापात) दोन्ही नीट येतात.

व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरा रंग कशाला धरायचा ती सेटिंग) मात्र 'डेलाइट'वर बांधून ठेवला. ऑटोवर ठेवला की कॅमेरा जमिनीचा निळेपणा 'दुरुस्त' करायला जातो आणि जे बघायला आपण एवढ्या लांब गेलो तेच पुसून टाकतो.

ज्यांना जायचंय, किंवा न जाता इथेच असं काही करून बघायचंय, त्यांनी विचारा. मी सध्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गाळात सराव करतेय, त्याबद्दलही बोलू.

पंचवटीकर

ताई, वाचनखूण साठवली. सावलीबद्दलचं हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. सूर्योदयाला तिथे पोचायचं म्हणजे मुक्काम कुठे करायचा? नकाशावर तर आजूबाजूला काहीच दिसत नाही.

गोदाकाठची

सगळं अडतं ते नेमकं इथेच. उद्यानाचं दार सेस्रीमला आहे. बाहेरचं दार सूर्योदयाला उघडतं. दाराच्या आत जे राहतात त्यांना साधारण तासभर आधी पुढे सोडतात. दारापासून सुमारे ६० किलोमीटर डांबरी रस्ता, मग शेवटचे ५ किलोमीटर खोल वाळू, तिथे फोर बाय फोरच लागते. नसेल तर गाडी अलीकडे लावून तिथल्या शटलने जायचं. त्यानंतर वाळूतून किलोमीटरभर चाल. म्हणजे बाहेर राहिलात तर सूर्य वर आल्यावर निघणार आणि पोचेपर्यंत सावली गेलेली. पहिल्या दिवशी माझं हेच झालं. दुसऱ्या रात्री आतल्या कॅम्पसाइटवर तंबू टाकला.

जूनमध्ये तिथे हिवाळा असतो हे विसरू नका. पहाटे बोटं कॅमेऱ्याच्या बटणांवर चालत नाहीत इतकी थंडी. सूर्योदयही साडेसातनंतर. आणि दिशांचा एक घोळ होतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, ते दक्षिणेला. हिवाळ्यात दुपारचा सूर्य आपल्याकडे दक्षिणेकडे झुकलेला असतो, तिथे तो उत्तरेकडे. 'दुपारी सावली इकडे पडेल' हा आपला अंदाज तिथे नेमका उलटा ठरतो. मी दोनदा चुकीच्या बाजूला जाऊन बसले होते.

एकटा_ट्रायपॉड

मी जैसलमेरजवळ सम आणि खुरी दोन्हीकडे फोटो काढलेत. समला संध्याकाळी उंट, जीप आणि माणसांच्या पावलांशिवाय वाळूचा तुकडा सापडत नाही. खुरी त्यामानाने शांत. तिथे शिकलो ते सांगतो.

लेन्स वाळूत बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी. दोन कॅमेरे असतील तर दोन लेन्स आधीच लावून न्या. बाहेर येणारी झूम लेन्स आत-बाहेर करताना हवा ओढते आणि हवेबरोबर वाळूची पूड. काचेवर कण दिसला की कापड लावायचं नाही, आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड अगदी शेवटी. वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ, लेन्सच्या कोटिंगवर ओरखडा उमटायला एक कण पुरतो.

ट्रायपॉडचे सगळ्यात खालचे पाय थोडे बाहेर काढूनच रोवा, म्हणजे लॉक वाळूच्या वर राहतं. आणि पाय वाळूने भरलेले असताना आत ढकलू नका. मुक्कामावर धुवा, पुसा, वाळवा, मग मिटा.

गोदाकाठची

झूम लेन्सचा सल्ला मला कुणी आधी दिला असता तर फार बरं झालं असतं. माझी झूम लेन्स तिथेच गेली. टेकडीच्या धारेवर बॅग उघडी ठेवून पाणी पीत होते, वारा सुटला, आणि धारेवरून वाळू अशी उडते की आपल्याला घोट्यापर्यंतच जाणवते, पण बॅग असते घोट्याइतक्याच उंचीवर. लेन्स फिरवली की करकर आवाज. इथे आल्यावर उघडून साफ करून घेतली, तरी पहिल्यासारखी फिरत नाही. बॅग पाठीवरच असू द्या.

खडकवेडा

भूगोल शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

नामिब हे जगातल्या सगळ्यात जुन्या वाळवंटांपैकी एक. तिथली वाळू तिथली नाही. आफ्रिकेच्या आतल्या भागातून ऑरेंज नदीने ती अटलांटिकपर्यंत आणली, किनाऱ्याला लागून वाहणाऱ्या प्रवाहाने उत्तरेकडे नेली आणि वाऱ्याने परत जमिनीवर आणून टाकली. हा वाळूचा समुद्र २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, कणाकणावर गंजाचा पातळ थर. किनाऱ्याजवळची वाळू फिकट आणि आत जावं तशी तांबडी होत जाते.

फोटो काढणाऱ्याला उपयोगी गोष्ट अशी की सोसुसव्लेच्या टेकड्या बहुतेक तारकाकृती आहेत. एकाच दिशेने वारा असेल तर अर्धचंद्र होतो, आपल्या पाठ्यपुस्तकातली बारखाण. वारे वेगवेगळ्या दिशांनी आले की टेकडीला तीन-चार सोंडा फुटतात. म्हणून तिथे दिवसाच्या कुठल्याही वेळी एखादी तरी धार उजेड-सावलीची रेघ देतेच. टेकडीची एक बाजू वाऱ्याने घट्ट चापलेली, दुसरी घसरणीची. घसरणीचा उतार साधारण ३२ ते ३४ अंशांवर थांबतो, कोरडी वाळू त्याहून तीव्र उतारावर टिकतच नाही. सह्याद्रीतला घसारा आठवा, तत्त्व तेच.

पंचवटीकर

सर, आणि चिकणमातीच्या त्या भेगा? इतक्या नियमित कशा पडतात?

खडकवेडा

ओली चिकणमाती वाळताना आकसते. वरचा थर आकसायला बघतो, खालचा ओला थर त्याला धरून ठेवतो, ताण वाढतो आणि माती फाटते. नवी भेग जुन्या भेगेला बहुधा काटकोनात येऊन मिळते. पण तीच जागा पुन्हा पुन्हा भिजली आणि वाळली की तिठ्यांचे कोन बदलत १२० अंशांच्या जवळ जातात आणि षटकोनांसारखी जाळी तयार होते. लाव्हा थंड होताना आकसून बेसॉल्टचे खांब पडतात तेही याच ताणातून. आपण राहतो तो सगळा दख्खनचा दगड तशाच लाव्ह्याचा.

म्हणजे भेगांचा फोटो बघून सांगता येतं की ही जागा एकदाच वाळली की कित्येक वेळा. काटकोन जास्त असतील तर माती नवी.

गोदाकाठची

सर, हे वाचून मी माझे गंगापूरचे फोटो पुन्हा उघडून बघितले. काठाजवळ, जिथे पाणी दरवर्षी येतं-जातं, तिथे षटकोन. खाली पाण्याजवळच्या ताज्या गाळात काटकोन. इतके दिवस दोन्ही मला सारखेच वाटत होते.

काळी_माती

ताई, मी सिन्नर तालुक्यातला, शेती करतो. फोटो छान असतील, पण एक बोलायचंय.

भेगाळलेली जमीन दिसली की लोक फोटो काढतात आणि खाली 'दुष्काळ' लिहितात. आमच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पाऊस चांगला झालेल्या वर्षीही. ती मातीच तशी आहे, ओल मिळाली की फुगते, वाळली की आकसते. भेगांतून हवा खेळते, पहिला पाऊस थेट खोल उतरतो. आजा म्हणायचा, रान आपलं आपण नांगरतं. दुष्काळ बघायचा तर विहिरीचा तळ बघा, टँकरमागची रांग बघा. तिकडे कॅमेरा न्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण भेगेला दुष्काळ म्हणू नका.

गोदाकाठची

दादा, हे मी माझ्या फोटोंच्या ओळींत बदलते. दोन फोटोंखाली मी 'तहानलेली धरणी' लिहिलं होतं. काढून टाकलं.

काळी_माती

चालायचंच. आणि धरणाच्या गाळात उतरता म्हणालात तर जपून. वरून पोपडा, खाली रबडी. पोपडा पायाला घट्ट लागतो आणि दोन पावलं पुढे गुडघ्यापर्यंत जातो. आमच्याकडे दरवर्षी जनावरं रुततात. भेगेत काठी घालून बघायची. काठी कोरडी निघाली तर पुढे. एकट्याने उतरायचंच नाही.

आईसोबत_प्रवास

डेडव्लेला ६३ वर्षांच्या आईला घेऊन जाता येईल का? तिला गुडघ्यांचा थोडा त्रास आहे. आणि टेकडीवर चढावंच लागतं का?

गोदाकाठची

डेडव्लेपर्यंतची चाल टेकडीवरची नाही, पण मऊ वाळूतली आहे, मधे एक छोटा चढ. आपल्याकडच्या किलोमीटरपेक्षा दुप्पट वेळ धरा. परतताना ऊन चढलेलं असतं आणि सावली कुठेच नाही, त्यामुळे माणशी दोन लिटर पाणी तरी हवंच. बिग डॅडी नावाची टेकडी ३०० मीटरहून उंच आहे, ती चढायची गरज नाही. आईंना उंचावरून बघायचंच असेल तर सेस्रीमपासून ४५ व्या किलोमीटरला रस्त्याकडेलाच ड्यून ४५ आहे, तिच्या धारेवर जमेल तेवढं चढून बसता येतं.

विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे घेणार असाल तर पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी टोचून घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. आईंचं वय ६० च्या पुढे आहे, तेव्हा ही लस द्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. शक्य असेल तर मार्गच दुसरा निवडा.

मेनरोडवाला

मला वेगळं वाटतं. नारिंगी-निळ्याचे फोटो आता जगभर इतके झालेत की रंग काढून टाकला तरच त्या जागेची हाडं उघडी पडलेली दिसतील. मी कृष्णधवलच करेन. लाल टेकडीला रूपांतर करताना निळ्या बाजूला ओढलं की ती जवळजवळ काळी होते आणि माती पांढरीफटक.

गोदाकाठची

करून बघितलं. टेकडीच्या धारांना ते फार शोभतं. एका फोटोत फक्त एक वळणदार रेघ आहे, एका बाजूला काळं, एका बाजूला करडं, आणि तो माझ्या सगळ्या फोटोंत मला आवडतो. पण डेडव्लेच्या तळाला मी कृष्णधवल केलं तेव्हा सावलीतली माती आणि उन्हातली माती यांतला फरक नुसता उजळ-गडद एवढाच उरला. तिथली सावली निळी आहे, आणि मला ती निळीच आठवते. ज्याला ती जागा हाडांची वाटते त्याने जरूर रंग काढावा.

झाडांबद्दल एक कळकळीने सांगते. फांदीला टेकून, बुंध्यावर चढून फोटो काढणारे मी बघितले. सहा-सातशे वर्षं उभं असलेलं कोरडं लाकूड एका माणसाच्या वजनाने मोडू शकतं आणि त्या जागी दुसरं उगवणार नाही. लांब उभं राहून शंभर-दोनशे मिलिमीटरच्या लेन्सने काढलेला फोटोच जास्त चांगला येतो, कारण मागची टेकडी जवळ ओढली जाते आणि आभाळ चौकटीबाहेर जातं. ड्रोन तर नकोच, राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय चालत नाही.

एकटा_ट्रायपॉड

बरोबर. आणि पावलांचे ठसे. वाळूवर आधी फोटो, मग पाय. धारेचा फोटो हवा असेल तर धारेच्या मागच्या बाजूने चाला.

ताई, गंगापूरला रविवारी जायचं का? मी, पंचवटीकर आणि काळी_माती दादा येत असतील तर चौघं.

काळी_माती

येतो. काठी आणतो.

गोदाकाठची

काल जाऊन आलो, म्हणून धागा वर काढते.

पहाटे पाचला गंगापूर रोडवरून निघालो, सहाच्या आधी बॅकवॉटरला. पाणी बरंच मागे गेलंय. एका बाजूला पाण्याने कातरलेली दरड, तिच्याखाली पांढरट करडा गाळ, आणि पलीकडे मुरमाड तांबूस उतार. मधे एक वठलेलं खोड. सूर्य वर आला तेव्हा ऊन पलीकडच्या मुरमावर पडलं आणि गाळ दरडीच्या सावलीत राहिला. मी तिघांना काही बोलले नाही. पंचवटीकरांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "ताई, जमीन निळी आलीये."

दरड काही टेकडीएवढी उंच नाही, त्यामुळे सावली दहा-बारा मिनिटंच टिकली. एफ/११ (लेन्सचं छिद्र बारीक), आयएसओ १०० (कॅमेऱ्याची संवेदनशीलता कमी), ट्रायपॉड अगदी जमिनीलगत, जवळच्या भेगेवर एक फोकस आणि खोडावर एक, दोन फोटो नंतर जोडले. पांढरट जमिनीला कॅमेरा करडी समजून फोटो गडद करतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे उजेड दुप्पट. सरांनी सांगितलेले काटकोन खोडाच्या अलीकडच्या ताज्या गाळात स्वच्छ दिसतात, तेच चौकटीत पुढे घेतले.

मी खोडाच्या आणखी जवळ जाणार होते. दादांनी हात आडवा धरला. समोर चार पावलांवर, उघड्या गाळात, खड्यांच्या मधे टिटवीची चार अंडी, मातीच्याच रंगाची. टिटवी बाजूला ओरडत फिरत होती आणि आम्ही तिला इतका वेळ ऐकूनही समजलो नव्हतो. दादा म्हणाले, "पाण्याच्या इतक्या जवळ घातलीत, म्हणजे पाऊस लांबणार असं आमच्याकडे धरतात." आम्ही आलो त्याच पावलांवरून मागे फिरलो. खोडाचा जवळून फोटो राहिला. पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्या बाजूला कुणी जाऊ नका, जागा मुद्दाम नेमकी लिहीत नाही.